बिरोबाच्या देवळावरचा अग्निबाण

मी एक जुना पितळी अग्निबाण आहे. मित्रांनो, दचकू नका. मी कधी उडालो नाही आणि कुणाच्या डोक्यावर पडलोही नाही. हातभर उंची, निमुळतं टोक, खाली तीन पंख आणि बुडाशी सागवानी बैठक, एवढाच काय तो माझा बडेजाव. जुन्या भांड्यांची मोड वितळवून जिंतूरच्या एका कारखान्यात मला घडवलं. घडवून घेणारे होते दिनकरराव, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. विज्ञानकथांचा त्यांना भारी नाद.

वर्षातून एकदा ते जिंतूरला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं संमेलन भरवत. संमेलन म्हणजे काय, तर लग्नसराई संपल्यावर रिकामं पडलेलं मंगल कार्यालय, सतरंज्या, चहा आणि एसटीनं आलेली जिल्हाभरातली वेडी माणसं. मंगळावर कापूस येईल का, यावरून ती हमरीतुमरीवर यायची. दुपारी कथा वाचल्या जायच्या. जी सगळ्यांना भावेल, तिच्या लेखकाच्या हाती मला द्यायचे.

पण मी फिरता चषक होतो. वर्षभर विजेत्याकडं राहायचं आणि पुढच्या संमेलनाला त्याच्याबरोबर परत यायचं. विजेत्याचं नाव बैठकीवर लगेच कोरत नसत. त्यानं मला परत आणायचं, नवी कथा वाचायची, मग नाव. दिनकरराव म्हणायचे, "एक कथा कुणीबी लिहितंय. दुसरी लिहिली की तो आपला."

मी पुष्कळ घरं पाहिली. पिंगळीच्या माधवीबाईंची लेकरं मला घेऊन अंगणभर धावायची, माझा एक पंख तेव्हाच वाकला. पण ते दिवस सुखाचे होते.

मग मी शीलाच्या हाती आलो. राणीसावरगावजवळच्या एका वाडीत मेंढरं राखणाऱ्या मल्हारीची ही मुलगी, परभणीला कॉलेजात शिकणारी. तिच्या कथेत पृथ्वीवरचं गवत संपतं, म्हणून एक म्हातारा कळप घेऊन चंद्रावर जातो. तिथं चारा उदंड असतो. पण मेंढरं तोंड लावत नाहीत, कारण वर पाहिलं की त्यांना आपलं शिवार दिसतं. कथा संपल्यावर सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. माझा तर ऊर भरून आला.

परतताना एसटीत शीला बैठकीवरच्या नावांवरून बोट फिरवत होती. शेवटच्या नावाखालच्या कोऱ्या जागेवर ते थांबलं. आपलं नाव तिथं यावं, एवढं एकच तिला हवं होतं. घरी येताच ती दुसऱ्या कथेला लागली.

परीक्षेसाठी ती परभणीला गेली आणि इकडं वाडीतल्या बिरोबाच्या नव्या देवळाचं शिखर पुरं झालं. आता कळस हवा होता. मल्हारीनं मला भिंतीतल्या फळीवरून उचललं. मला काही तो कमी लेखत नव्हता. तो पंचांना म्हणाला, "माझ्या लेकीनं जिंकून आणलंय. देवाला ह्याच्यापेक्षा मोठं काय देऊ?" आणि सांगू का, पाहणाऱ्यालाही मी कळसच वाटायचो.

काय तो थाट! दुधानं आंघोळ घातली, भंडारा उधळला, ढोल वाजवत डोक्यावरून मिरवलं. बैठक काढली आणि माझे तिन्ही पंख शिखरात सिमेंटनं पक्के केले. बैठक शीलाची आई कासाबाई घरी घेऊन गेली. तिनं ती पाण्याच्या घागरीखाली ठेवली.

शीला फाट्यावर उतरली तेव्हा मी तिला तिथूनच दिसलो. ती पळत आली. मल्हारी हसऱ्या तोंडानं देवळापुढं उभा होता.

"आबा, ते आपलं न्हवतं," ती म्हणाली. "ते परत द्यायचं होतं."

मल्हारीचं हसू मावळलं. त्यानं पंचांना विचारून पाहिलं. पंच म्हणाले, बसवलेला कळस काढला तर कळपांवर संकट येतं. वर चढायला कुणी तयार होईना. मल्हारी स्वतः शिडी घेऊन आला, पण पहिल्या पायरीवरूनच खाली उतरला. देवाला दिलेलं काढून घ्यायची त्याची छाती झाली नाही.

संमेलनाला शीला नुसती बैठक आणि नवी कथा घेऊन गेली. तिकडं काय झालं ते तिनं देवळाच्या पायरीवर बसून आईला सांगितलं. चषक देवळावर बसवला, हे कुणाला पटेना. कुणीतरी म्हणालं, पितळेला सध्या चांगला भाव आहे. लोक हसले. दिनकरराव सगळ्यांना थांबवत होते, पण त्यांचा आवाज आता पुरत नव्हता. कथा वाचायची राहिली. कासाबाई लेकीच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिली.

नंतर दिनकरराव काठी टेकत वाडीत आले. खालून त्यांनी बराच वेळ मला पाहिलं. मल्हारी त्यांच्या पाया पडला. "मास्तर, कळलं न्हाई वो मला," म्हणाला.

"असू द्या," दिनकरराव म्हणाले. "भरवायला संमेलन तरी कुठं राहिलंय?"

माणसं रुसून पांगली होती. मला वाटलं, खरं काय ते दिनकरराव आता सगळ्यांना सांगतील. पण सांगायला तिथं कुणी उरलंच नव्हतं. ते परत आले नाहीत.

शीलाचं लग्न झालं. ती लिहीत नाही. बैठक पुन्हा घागरीखाली आहे, आणि ओलीनं त्यावरची नावं एकेक करून पुसट होत चालली आहेत. कोरी जागा तेवढी कोरीच आहे.

मित्रांनो, कुणाच्या वस्तूचा मान करायचा झाला तर आधी तिच्या धन्याला विचारा. आणि माणसाचा हात पोचणार नाही इतक्या उंच काही बसवू नका. माया करणाऱ्या माणसांनीच मला इथं बसवलं, म्हणून तर मला कुणाला बोलही लावता येत नाही.

कळसाचं दर्शन घेतलं की देव भेटतो म्हणतात. मेंढरांमागं जाणारी माणसं लांबूनच मला हात जोडतात, पाऊस मागतात, पोर मागतात. जत्रेला माहेरी आलेली शीलाही खालून जाते. माझ्याकडं मागायचा खरा हक्क तिचा. ती मान वर करत नाही.