रोज दोनच मुळं

"आजपासून भूतलावरील समस्त रोग रद्द झाले आहेत," अशी घोषणा करताच गाठमोचन महाराजांना खोकल्याची उबळ आली. शिष्याने पाठ चोळली, खडीसाखर दिली, तेव्हा कुठे भूतलाचा कारभार पुढे सुरू झाला.

कोरेगावजवळच्या त्या गावात, चावडीपुढे, चार गावची माणसं लोटली होती. महाराज गाठीवर शिंगाची तुंबडी धरत, वर भगवी शाल टाकत, मंत्र पुटपुटत आणि रोगाचं मूळ ओढून परातीत टाकत. रक्ताळलेलं, बोटभर. दिवसाला दोनच मुळं; तिसऱ्याला तपश्चर्या पुरत नसे.

आज पहिली पाळी रंगूबाईची. तिचा हात सारखा पदराखाली जायचा, परत यायचा. छातीतली गाठ पाच महिन्यांची. कोरेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "कॅन्सर असेल, मिरजेला जा." पण नवरा पलटणीबरोबर ब्रह्मदेशात, सासरे नाथाजी यांना दिसायचं कमी, आणि तिथं परक्या पुरुषापुढं पदर बाजूला करायचा. महाराजांचं बरं होतं. ते पदरावरूनच काम भागवत, आणि दवाखान्यासारखे मिरजेत बसून न राहता चावडीपर्यंत आले होते.

परातीत काहीतरी पचकन पडलं.

"निघालं मूळ," महाराज म्हणाले. "शिवाल तर नेत्रहीन व्हाल."

बायांनी हात जोडले. माणदेशातून शेरडं-मेंढरं घेऊन उतरलेल्या धोंडुबाईने मात्र ते मूळ उचललं.

"डोळं हायत अजून," ती म्हणाली. "महाराज, ह्यो शेरडाचा गुरदा हाय. माझा जलम शेरडांत गेलाय."

"माई, रोग नाना रूपं घेतो."

"घेऊ दे की. केरबा, एका बकऱ्याला गुरदे किती रं?"

केरबा खाटीक घुटमळला. "दोन. महाराजांचा चेला रोज जोडी न्हेतोय माझ्याकडनं. परसादाला लागतात म्हनला."

धोंडुबाईने शाल ओढली. आतल्या शिवलेल्या खिशात दुसरा गुरदा दुपारच्या रोग्याची वाट बघत होता.

गलका उसळला. महाराज समाधीत गेले, शिष्य ओढ्याच्या दिशेनं. रंगूबाईचा हात पुन्हा पदराखाली गेला. गाठ होती तिथंच होती.

"पोरी, इतके दिस का गं थांबलीस?" धोंडुबाईने विचारलं.

"संगं कोन येनार?"

"मी येते. मेंढरं ल्योक राखंल. शेरडाच्या गुरद्यानं बाईची गाठ कशी जाईल? आत काय हाय ते बघायला शिकलेला मानूस लागतो. येळ घालवू नगंस."

एवढं साधं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, म्हणून आता सगळेच एकदम बोलू लागले. नाथाजी काठी टेकत उभे राहिले. "गावात ह्यापुढं बुवा येऊ द्यायचा न्हाई. आत्ताच ठराव करू."

"करा की, मामंजी," रंगूबाई म्हणाली. "पर मी उद्या मिरजेला गेले की आठ दिस म्हशीची धार कोन काडनार, तेवढं आदी ठरवा."