काळ्या वाळूतलं रुपं

फारुकने जोडवी ओल्या वाळूवर ठेवली आणि धातू शोधायच्या यंत्राची थाळी त्यांच्यावरून सावकाश फिरवली. दांड्यावरच्या तबकडीतला काटा थरथरला, उजवीकडे धावला, लगेच मागे आला. कुठेच टिकेना.

"वाळू बोलतेय, काका. काळी आहे ना, लोखंडाचा कस आहे हिच्यात. यंत्राला वाटतं, सगळीकडंच कायतरी आहे."

"सगळीकडंच हाय," रावजी म्हणाला. "बारा वर्सं मला पण तसंच वाटतं."

आरेच्या किनाऱ्यावर अमावास्येची ओहोटी लागली होती. पाणी इतकं मागे गेलं होतं, की एरवी न दिसणारे खडक पाठी वर काढून बसले होते. वारा पडला होता. सुरूच्या झाडांनीही श्वास धरला होता. बारा वर्षांपूर्वी याच खडकांवर होडी फुटली. चौघे पोहत आले. रावजीचा मुलगा महिपत तेवढा आला नाही.

रावजीच्या घरची रीत वेगळी होती. दर्याने नेलेल्याचा दर्भाचा पुतळा करायचा, पण त्याच्या कमरेला त्या माणसाच्या अंगावरचं रुपं, चांदीचं जे असेल ते, बांधायचं. त्याशिवाय पुतळ्याला अग्नी नाही, आणि अग्नी नाही तर सुटकाही नाही. महिपतच्या कमरेला चांदीचा करगोटा होता. तो मिळेपर्यंत त्याची बायको चिमा कुंकू लावत होती, हिरव्या बांगड्या भरत होती. तो मिळाला की सारं उतरायचं. आणि आपण हा पावसाळा काढू, याचा रावजीला आता भरवसा नव्हता. फारुक बहारीनला कामाला होता, तिथल्या गोऱ्या साहेबाने मायदेशी परतताना हे यंत्र त्याला देऊन टाकलं, हे गावात कळलं तेव्हा म्हातारा काठी टेकत त्याच्या ओट्यावर येऊन बसला होता. महिपत आणि फारुक एका होडीत वाढलेले. नाही म्हणणार कसा?

फारुकने थाळी वाळूपासून वीतभर उचलली, खाली नेली, पुन्हा उचलली, आणि एक बटण केसभर फिरवत वाळूची कुरकुर पार बुडवली. मग दुसरं बटण निम्म्यावर आणलं.

"हे काय केलंस?"

"कमी ऐकायला लावलं. लई ऐकतं ना, म्हणून गोंधळतं. थोडं ऐकलं, की नीट ऐकेल."

तिसऱ्या बटणाने त्याने आधी लोखंड वगळलं, मग सोनं. चिमाच्या मंगळसूत्रातल्या दोन वाट्या यंत्राला आता दिसणारच नव्हत्या. ते काढून ठेवायला रावजीनेच नको म्हटलं होतं. बाकी फारुकचं घड्याळ, म्हाताऱ्याची कोयती, सगळं दूर सुरूखाली होतं. जोडवी मात्र मागताच चिमाने काढून दिली होती. करगोटा घडवला त्याच सोनाराची, एकाच रुप्याची.

थाळी पुन्हा जोडव्यांवरून गेली. काटा उजव्या टोकाच्या पांढऱ्या रेघेवर जाऊन उभा राहिला. पाच वेळा फिरवली, पाचही वेळा तिथेच. फारुकने जोडवी उचलून खिशात टाकली.

"ही रेघ महिपतची," तो म्हणाला.

करवंट्यांची टोपली कमरेला टेकवून चिमा त्याच्या डाव्या बाजूने चालू लागली.

बराच वेळ यंत्र मुकं होतं. मग थाळी डावीकडे लांबवर गेली तेव्हा ते एकदम गुणगुणलं. काटा रेघेवर. रावजी गुडघ्यांवर बसला आणि हातांनीच वाळू उपसू लागला. चिमा करवंटीने पाणी काढत होती. हातभर खड्डा झाला, त्यात फक्त पाणी आणि पाण्यात आभाळ. चिमा करवंटी धुवायला लाटेकडे गेली, आणि फारुकने पुन्हा थाळी धरली तर यंत्र गप्प.

ती परत आली, ते निघाले, आणि दहा पावलांवर यंत्र पुन्हा गुणगुणलं. पुन्हा खड्डा, पुन्हा पाणी. तिसऱ्यांदा, चौथ्यांदाही तेच. फारुकने बटणं तपासली, तारा हलवून पाहिल्या, खिशातली जोडवी लांब धरून पाहिली. काटा डळमळत असता तर त्याला बरं वाटलं असतं. पण काटा ठाम होता. केसभरही हलत नव्हता. फक्त जागा बदलत होती.

रावजीने मागे वळून पाहिलं. खडकांपासून निघालेली खड्ड्यांची रांग त्यांच्या पायांपर्यंत आली होती, एकेका खड्ड्यात सांजेचं तांबडं साचलं होतं.

"चालतोय तो," म्हातारा हळूच म्हणाला. "वाळूखालनं चालतोय. आपल्या बरोबरीनं."

फारुकलाही त्या क्षणी पायाखाली कुणाचं तरी पाऊल जाणवलं. त्याने खड्ड्यांच्या रांगेकडे पाहिलं, मग तिच्या डावीकडून आलेल्या पावलांच्या रांगेकडे. अनवाणी, लहान, प्रत्येक खड्ड्याशी थांबलेली पावलं.

त्याने थाळी जमिनीवरून जराशी उचलली आणि डावीकडे झुकवली, चिमाच्या लुगड्यापासून हातभर. यंत्र गुणगुणलं. अजून थोडी वर, तिच्या कमरेपाशी. काटा रेघेवर जाऊन उभा राहिला.

चिमाचा हात टोपलीवरून सुटून निऱ्यांवर आला. तिने फारुककडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. भरतीची वेळ विचारावी तशी ती बघत होती.

फारुकला आठवलं. पहिली दोन वर्षं ही बाई रोज ओहोटीला येऊन वाळू चाळायची. लोक हळहळायचे. मग एका दिवशी तिने येणं थांबवलं, आणि गाव म्हणालं, बिचारीने आशा सोडली.

त्याने अंगठ्याने दुसरं बटण मागे फिरवलं, निम्म्यावरून पावावर, पावावरून शून्यावर. यंत्र बहिरं झालं.

"काका, आता काय लागत नाय. बॅटरी होती तोवर फसवलं यंत्रानं."

रावजी उठला नाही. शेवटच्या खड्ड्यात तो कोपरापर्यंत हात घालून बसला होता, नखं फुटली होती, आणि पोराला सकाळी उठवावं तशा आवाजात पुटपुटत होता, "महिपती, ये रे. लय येळ झाला. मी ऱ्हायलोय थोडा."

चिमा ऐकत उभी राहिली. दूर पाणी वळलं होतं, त्याचा आवाज वाळूवरून सरपटत येत होता.

"भावजी," ती म्हणाली, "बटण होतं तिथं आणा."

ती खड्ड्याच्या काठावर, म्हाताऱ्याच्या समोर बसली. पदर पुढे आला, त्याच्याआड एक हात कमरेशी गेला, करवंटी पाण्यात बुडाली, वर आली, पुन्हा बुडाली. फारुकने बटण निम्म्यावर आणलं आणि थाळी खड्ड्यावर धरली. काटा रेघेवर उभा राहिला.

रावजीच्या बोटांना कड्या लागल्या. त्याने करगोटा वर काढला, तळहातावर धरला. मग गालाला लावला. थंड पाणी त्याच्या मनगटावरून ओघळत होतं.

"ऊन हाय," तो म्हणाला.

बारा वर्षं खाऱ्या वाळूत राहिलेलं रुपं काळं पडतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. हे लखलखत होतं. रावजीने कड्यांवरून अंगठा फिरवला, रोज कुणाच्या तरी अंगाला घासून गुळगुळीत झालेल्या कड्यांवरून, आणि मग सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही.

म्हाताऱ्याने तिचा हात ओढून घेतला. त्यात करगोटा ठेवला आणि तिची बोटं एकेक करून मिटली.

"तुझ्याकडंच ऱ्हाऊं दे गो. माझ्याकडं थंड पडंल."

फारुकने यंत्र बंद केलं. खिशातली जोडवी काढून चिमापुढे धरली. ती वाळूत बसली आणि पायातली वाळू झटकून एकेक घालू लागली, सावकाश, नव्याने घालावीत तशी.

रावजी तोवर उठला होता. भरती यायच्या आत तो शेवटच्या खड्ड्यात पायाने वाळू लोटू लागला. तो बुजला, तसा आधीच्या खड्ड्याकडे वळला.