एका बटणावर तीन डबे

टांझानियातल्या मोरोगोरो शहरात आमच्या गल्लीत टीव्ही घरोघरी आहेत. पण एकच बटण दाबून टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि पाच स्पीकरांची साउंड सिस्टिम अशी तिन्ही यंत्रं एकदम उठवणारा माणूस एकच आहे, आणि तो मी, मगांगा. हे मी मिरवायला सांगत नाही. म्हणजे मिरवायलाच सांगतोय, पण खरं आहे म्हणून.

शहराच्या पाणीपुरवठ्यात पंप चालवता चालवता मी निवृत्त झालो. डोंगरातून उतरणारं पाणी कोणत्या वस्तीला कधी सोडायचं हे माझ्या हातात होतं. अशा माणसाच्या बैठकीत तीन रिमोट लोळत पडावेत, आणि बायकोनं त्यातल्या एकालाही हात लावू नये, हे बरं दिसत नव्हतं. माझी बायको कालुंदे म्हणायची, "तुम्ही एक दाबलं की आवाज येतो आणि चित्र जातं. दुसरं दाबलं की चित्र येतं आणि आवाज जातो. तिसरा कशाचा आहे ते तुम्हालाही ठाऊक नाही." तिसरा कशाचा ते मला ठाऊक होतं, फक्त त्या क्षणी आठवत नव्हतं.

म्हणून मी बाजारातून सगळ्यांना चालणारा एकच रिमोट आणला. नुसता आणून भागत नाही, त्याला प्रत्येक यंत्राची ओळख करून द्यावी लागते. सोबत आकड्यांचा कागद येतो. एकेक आकडा दाबायचा आणि यंत्र ऐकतंय का ते बघायचं. अख्खी दुपार मी त्या कागदाशी झुंजलो. पडदा काही केल्या पेटेना. पण शेजारच्या घरातून एकाएकी शिव्या ऐकू येऊ लागल्या.

शेजारी पाझी राहतो. तो झारामो जमातीचा, मी न्यामवेझी, म्हणजे आम्ही जन्माचे थट्टेचे सोयरे. झारामोनं न्यामवेझीला काहीही बोलावं, न्यामवेझीनं झारामोला काहीही बोलावं, लग्नात बोलावं, मयतीतही बोलावं, आणि जो रागावेल तो हरला. माझे पणजोबा हस्तिदंत खांद्यावर घेऊन महिनोन्‌महिने चालत किनाऱ्याला जायचे, म्हणून पाझी मला 'हमाल' म्हणतो. किनाऱ्यावर त्याचे पणजोबा काय करत होते? ढोल वाजवत होते. म्हणून मी त्याला 'ढोलकऱ्या' म्हणतो. तीस वर्षं झाली, आम्ही एकमेकांची नावं विसरून गेलो असू.

पाझीचा टीव्ही माझ्याच कंपनीचा निघाला. मी खिडकीशी उभा राहून आकडे दाबत होतो आणि पलीकडे त्याच्या फुटबॉलच्या सामन्यात अंधार पडत होता. त्यानं टीव्हीच्या डोक्यावर दोन चापट्या मारल्या. तिसऱ्या वेळी त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"हमाला," तो खिडकीतून म्हणाला, "तुझ्या घरात तुझं कोणी ऐकत नाही, म्हणून माझ्या घरात हुकूम सोडतोस का?"

"तुझा टीव्ही माणूस ओळखतो, ढोलकऱ्या. मालक कोण ते त्याला आज कळलं."

संध्याकाळपर्यंत तिन्ही डबे माझ्या मुठीत आले. बटण दाबलं की पडदा उजळायचा, बॉक्सचे आकडे पेटायचे, स्पीकर घसा खाकरल्यासारखा आवाज करायचे. मी ते नऊ-दहा वेळा चालूबंद करून पाहिलं. काही गरज नव्हती, पण केलं.

आणि त्याच आठवड्यात मिलेंबेचा फोन आला. मिलेंबे आमची मुलगी. दार-एस-सलामला एका टीव्ही स्टेशनात ती दोन वर्षं इतरांच्या बातम्या लिहून देत होती. म्हणाली, "बाबा, मंगळवारी रात्रीच्या बातम्या मी वाचणार आहे. पहिल्यांदाच." मी म्हणालो, "बरं." फोन ठेवल्यावर मी अंगणात गेलो आणि पाझीच्या दारावर थाप मारली, कारण असली गोष्ट एकट्यानं पोटात ठेवता येत नाही.

अडचण एकच होती. कालुंदे घरी नव्हती. तिची बहीण आजारी, म्हणून ती ताबोराकडच्या गावी गेली होती. तिथे वीज नाही, आणि फोनला रेंज हवी तर वारुळावर चढावं लागतं. ती गुरुवारच्या गाडीनं परतणार होती. ती वारुळावर चढलेली असताना मी तिला गाठलं आणि मंगळवारचं सांगितलं.

"काळजी करू नकोस," मी म्हणालो. "मी तिला तुझ्यासाठी पकडून ठेवतो."

"कशात पकडणार? मडक्यात?"

"पेनड्राइव्हमध्ये. बॉक्सला वेळ सांगून ठेवायची, तो आपोआप पकडतो. तू आलीस की एक बटण दाबायचं."

"बघा हं," ती म्हणाली. "मला त्या पोरीला दुसऱ्यांदा बघायचं नाही. मला पहिली वेळ हवी आहे."

तिला ती हवी असणारच. मिलेंबे पहिली-दुसरीत होती तेव्हा कालुंदे बस स्टँडवर चहा आणि मांदाझी विकायची. मांदाझी म्हणजे आमचे गोड वडे. ते जुन्या वर्तमानपत्रात बांधून द्यायची पद्धत. मिलेंबे आईच्या बाजूला पालथ्या बादलीवर बसायची आणि बांधण्याआधी कागदावरची बातमी गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायची. बातमी संपल्याशिवाय वडा मिळायचा नाही. गिऱ्हाइकं कुरकुरायची, पण कालुंदे म्हणायची, "थांबा, तिला संपवू दे." कोणाची तरी बस सुटायची. ती कधीही मुलीच्या हातातून कागद ओढून घ्यायची नाही.

सोमवारी संध्याकाळी मी कामाला बसलो. आधी बॉक्सची भाषा इंग्रजीवरून स्वाहिली केली. आपल्या घरातल्या वस्तूनं आपल्याशी आपल्या भाषेत बोलावं, असं माझं मत आहे. बॉक्स अगदी अदबीनं विचारू लागला. कोणतं चॅनल? सांगितलं. कोणता वार? मंगळवार. किती वाजता? आता, आमचा दिवस सूर्याबरोबर चालतो. ऊन वर येऊन एक तास झाला की आम्ही एक वाजला म्हणतो, आणि अंधार पडून दोन तास झाले की रात्रीचे दोन. त्या वेळच्या बातम्यांना अख्खा देश 'दोनच्या बातम्या' म्हणतो. मी दोनचा आकडा दाबला. बॉक्स म्हणाला, धन्यवाद. मी त्यावर कालुंदेनं विणलेला क्रोशाचा रुमाल नीट अंथरला, पुढची झालर डब्याच्या तोंडावर आली, आणि निश्चिंत झालो.

मंगळवारी बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाझीची बायको मोठ्या पातेल्यात आल्याचा चहा घेऊन आली होती. मी सर्वांना शांत बसायला सांगितलं आणि रिमोट उचलला. एक बटण. तिन्ही डबे उठले. कोणीतरी "अरे वा" म्हणालं, आणि मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

मग मिलेंबे आली. निळं जाकीट, केस मागे बांधलेले, समोर कागद. पुराची बातमी, कापसाची बातमी, संसदेची बातमी. एका ठिकाणी कागद उलटताना ती किंचित थांबली, पण पुढे गेली, जशी बस स्टँडवर जायची तशी. शेवटी तिनं कागद जुळवले, सरळ समोर पाहिलं आणि म्हणाली, "बातम्या सांगत होते मी, मिलेंबे कालुंदे मगांगा. शुभ रात्री."

आमच्याकडे आपल्या नावानंतर बापाचं नाव येतं. आईचं नाव कोणी लावत नाही, टीव्हीवर तर नाहीच. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला टोचलं. मग डोळ्यांसमोर ती पालथी बादली आली आणि छाती इतकी भरून आली की स्पीकरचा आवाज कमी करायच्या निमित्तानं मला मान फिरवावी लागली.

"हमाला," पाझी म्हणाला, "तुझं नाव मागे राहिलं. सामान घेऊन येत असेल."

लोक हसले, मीही हसलो. मग पाझीची बायको म्हणाली, "हे कालुंदेला कोणी सांगायचं नाही. तिच्या कानांनी तिला ऐकू दे." सगळ्यांनी मान्य केलं. मिलेंबेनंही फोनवर तेच सांगितलं. "आईला बोलू नका हं बाबा. मी तिला विचारलेलंसुद्धा नाही."

बुधवारी मी बॉक्समधली यादी उघडून पाहिली. मंगळवार, दोन वाजता, एक तास. अगदी बरोबर. उघडून बघायला हात शिवशिवत होते, पण पहिल्यांदा बघायचा मान कालुंदेचा, म्हणून बटणाला हात लावला नाही. आमच्या गल्लीत गुपित दोन तास टिकत नाही. हे दोन दिवस टिकलं, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

गुरुवारी कालुंदे आली. पिशव्या दारात ठेवल्या, तोंड धुतलं, नवा खांगा नेसली आणि मधल्या खुर्चीत येऊन बसली. मंगळवारची सगळी मंडळी पुन्हा जमली होती, पण या वेळी कोणाचंच लक्ष पडद्याकडे नव्हतं. सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

मी बटण दाबलं. तिन्ही डबे उठले. यादी, मंगळवार, दोन वाजता. पुन्हा दाबलं.

पडद्यावर कोंबड्या आल्या.

तपकिरी, गुबगुबीत, शेकडो कोंबड्या, आणि पांढऱ्या डगल्यातला एक माणूस त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब कसे घालायचे ते दाखवत होता. पाचही स्पीकरांतून कुकुचकु सुरू झालं.

"पोरगी भरली की चांगली," पाझी म्हणाला.

हशा पिकला. मी पुढे पळवलं. कोंबड्या. आणखी पुढे पळवलं. अंडी. शेवटापर्यंत गेलो, परत मागे आलो. हसू हळूहळू ओसरलं. कालुंदे शांत बसून बघत होती. ती म्हणाली, "मिलेंबे कोंबड्यांच्या नंतर येणार का?"

पाझी उठून माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात विचारलं, "किती वाजता लावलं होतंस?"

"दोनला."

"कोणाच्या दोनला?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो बॉक्स बोलत होता स्वाहिली, पण मनगटावर घड्याळ परक्यांचं बांधून. त्याचे दोन म्हणजे मध्यरात्रीनंतरचे दोन. सोमवारी रात्री मी झोपलो होतो तेव्हा त्यानं इमानेइतबारे कोंबड्या पकडल्या, आणि माझी मुलगी अख्ख्या देशासमोर बसली तेव्हा तो रुमालाखालून तिला नुसता दाखवत होता, पकडत नव्हता. त्याच्या तोंडावर पकडण्याचा लाल दिवा लागला की नाही हे बघायला मी झालर उचललीसुद्धा नव्हती.

स्टेशनातून प्रत मागवता येईल, असं कोणीतरी म्हणालं. येईलही. पण कालुंदे आत्ता खुर्चीत बसली होती, बहिणीच्या उशाशी रात्री जागून, दिवसरात्रीचा प्रवास करून, नवा खांगा नेसून. बैठकीतल्या प्रत्येकाला ते वाक्य ठाऊक होतं. एकट्या तिलाच नव्हतं.

"त्यात काय एवढं," ती म्हणाली. "उद्या-परवा पुन्हा वाचेलच की." हे तिनं मला सांभाळून घ्यायला म्हटलं, आणि ते ऐकून मला जमीन दुभंगावी असं वाटलं.

पाझीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सांग तिला, मगांगा," तो म्हणाला. त्याला माझं नाव येत होतं तर.

"काय सांगायचंय?" कालुंदेनं विचारलं. "काही झालं का? चुकली का ती?"

"नाही," मी म्हणालो. "एकदासुद्धा नाही." मी पुढे होऊन पडद्याच्या बाजूला उभा राहिलो. हातात कागद नव्हता, म्हणून रिमोटच दोन्ही हातांत धरला, तिनं कागद धरले होते तसा. "शेवटी तिनं सरळ समोर पाहिलं. आणि म्हणाली, बातम्या सांगत होते मी, मिलेंबे कालुंदे मगांगा."

तेवढ्यात मागे कोंबड्यांनी एकच कल्ला केला. कालुंदे माझ्याकडे बघत राहिली. तिनं ऐकलं होतं की नव्हतं ते मला कळेना. तिनं हळूहळू पाझीच्या बायकोकडे पाहिलं, मग पाझीकडे. दोघांनी माना डोलावल्या.

ती उठली. माझ्या हातातून तिनं रिमोट काढून घेतला. जिनं आजवर आमच्या घरातल्या एकाही रिमोटला बोट लावलं नव्हतं, तिनं तो पडद्यासमोर धरला आणि वरचं लाल बटण दाबलं. पडदा, बॉक्स, स्पीकर, तिन्ही एकदम गप्प झाले. बाहेर रस्त्यावरून सायकल गेली तीही ऐकू आली.

"आता सांगा," ती म्हणाली. "सावकाश."

मी सांगितलं. तिचं नाव आधी, माझं मागून, आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं.