फोन उचलायचा नसतो

मुरगुडात फोन वाजला की तो न उचलणं ही सभ्यता समजली जायची. कुणी चुकून उचललाच, तर वाजवणाऱ्याचे पैसे जायचे, आणि दुसऱ्याचे पैसे घालवणाऱ्याला या गावात कुणी बस म्हणत नसे. ही रीत काही वाडवडिलांपासून चालत आलेली नव्हती. ती धम्मपालनं आणली होती, आणि आता तीच त्याच्या मुळावर उठली होती.

धम्मपालचं एसटी स्टँडसमोर मोबाइलचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक काचेचं कपाट, एक स्टूल आणि कंपनीचा एवढा दांडगा बोर्ड, की त्याखाली दुकान आहे हे लोकांना वाकून बघावं लागे. या बोर्डासाठी त्याच्या थोरल्या बहिणीनं, आक्काताईनं, आपली बोरमाळ मोडली होती. आई लवकर गेली, तेव्हापासून तिनंच त्याला वाढवलेला. ती कबनूरला यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. गळ्यातली सोन्याची माळ काढून तिनं त्याच्या हातावर ठेवली आणि वर म्हणाली, "जड हुतीया गळ्याला. घिऊन जा."

सोनं गळ्याला जड होणारी बाई अजून जन्मायची आहे, एवढं धम्मपालला कळत होतं. त्याच घाटाची बोरमाळ करून परत तिच्या गळ्यात घालायची, हे एकच त्याच्या डोक्यात बसलं होतं. त्यासाठी दुकान चालायला हवं होतं.

ते चालेना. साल दोन हजार चार. लोक यायचे, फोन तळहातावर घेऊन त्याचं वजन बघायचे, मिनिटाला किती पडतात ते विचारायचे आणि स्टुलावरनं उठायचे. दूध डेअरीचे चेअरमन हंबीरराव तर भडकलेच. "मिनटाला एवढं? अरं, एवढ्यात मी कागलला जाऊन, समोरासमोर बोलून, च्या पिऊन यीन की!"

गिऱ्हाईक उठून चाललेलं बघून धम्मपालच्या तोंडून ते वाक्य निसटलं. "चेअरमन, बोलायचं कशाला? वाजवायचं आन् तोडायचं. फुकाट!"

हंबीरराव परत स्टुलावर बसले.

तिथून पुढं जे झालं त्याला काय म्हणावं ते मला अजून उमगलेलं नाही. शहाण्या माणसांनी हयात घालवून लांबच्या माणसाशी बोलायचं यंत्र काढलं, आणि मुरगूडनं त्याची एका आठवड्यात घंटा करून टाकली. एक रिंग म्हणजे डेअरीची गाडी निघाली. दोन म्हणजे लाइट आली, मोटार चालू कर. तीन म्हणजे सगळं बरं आहे. स्टँडजवळच्या चिमणाबाईच्या खानावळीला चार रिंगा गेल्या, की पावणं वाढल्यात, रश्श्यात पाणी घाल. आणि रिंग थांबायचं नावच घेईना, वाजतच राहिली, तर कुणीतरी गेलं. तेवढा एकच फोन उचलायची मुभा होती. मेलेल्या माणसासाठी गाव हात आखडता घेत नसे.

आक्काताईला तर या घंटेचा फारच उपयोग झाला. कारखान्यात मागांचा खडखडाट असा, की शेजारी उभं राहून कुणी ओरडलं तरी ओठ बघून समजून घ्यावं लागे. पण कमरेला खोचलेला फोन थरथरलेला तिला बरोबर कळायचा. रोज संध्याकाळी ती धम्मपालला तीन रिंगा द्यायची, तो उलट तीन द्यायचा. दोघंही बरी आहेत, एवढं ठरून जायचं आणि दिवस मावळायचा.

फोन धडाधड खपले. सिमकार्ड जिवंत राहायला जेवढं लागे तेवढं सगळ्यात स्वस्तातलं रिचार्ज लोक मारत, आणि बाकीची रिचार्जची कार्डं कपाटात धूळ खात पडत. ऊसपट्ट्यातला गाव तो. साखर कारखान्याची उचल सगळ्यांना हवी, फोनची उचल मात्र कुणालाच नको, असा मामला होता.

शेवटी कंपनीचे निंबाळकर साहेब कोल्हापुरातून जीप घेऊन आले.

"धम्मपाल, तुमचा टॉवर दिवसभर नुसता राबतोय," ते म्हणाले. "एवढी वर्दळ जिल्ह्यात कुठं नाही. आणि कमाई बघितली तर वाटतं, या गावात माणूसच राहत नाही."

"लोकं जरा धरून खर्च करत्यात, साहेब."

"येत्या शनिवारी परत येतो. माणसं फोनवर बोलताना दिसली पाहिजेत. नाही दिसली, तर हा बोर्ड उतरवून कागलला लावणार."

बोर्ड गेला म्हणजे बोरमाळ गेली. त्यानं शुक्रवारी धीर करून हंबीररावांचा फोन सरळ उचलला आणि "जय भीम, चेअरमन" म्हणाला. मग हंबीरराव जे गरजले ते फोनशिवायही ऐकू आलं असतं.

"उचललास? आरं, शरम न्हाय तुला? चांगल्या घरचा तू!"

शनिवारी त्यानं पदरचं रिचार्ज घातलं. हंबीरराव डेअरीच्या पायरीवर, चिमणाबाई खानावळीच्या दारात, दोघांच्या फोनमध्ये पैसे भरलेले, मनसोक्त बोला म्हणून सांगितलेलं. मधे रस्त्यावर साहेब हाताची घडी घालून उभे. हंबीररावांनी नंबर लावला. चिमणाबाईनं धम्मपालच्या डोळ्यांकडं बघून, देवाचं नाव घेऊन, फोन उचलला.

"चार," हंबीरराव म्हणाले.

"चार?" चिमणाबाई म्हणाली.

"व्हय. चार."

"बरं. ठिऊ?"

"ठेव की."

झालं संभाषण. फोन ठेवल्याबरोबर चिमणाबाईनं रस्त्यापलीकडं हाक मारली, "चेअरमन, पावणं शाकाहारी हाईत का खात्यात?" आणि मग दोघं तोंडानं, फुकटात, साहेबांच्या डोक्यावरनं भरपूर वेळ बोलत राहिली. धम्मपालला कुठं तोंड लपवावं ते सुचेना.

साहेब जीपमध्ये बसले. जीप चालू झाली, थोडी पुढं गेली आणि थांबली. साहेब उतरून परत आले. त्यांच्या चेहऱ्यावर भलतंच तेज आलं होतं.

"हे लोक बोलत नाहीत," ते स्वतःशीच म्हणाले. "पण रिंग तर ऐकतात ना!"

पुढच्याच आठवड्यात कंपनीनं गाणी आणली. म्हणजे असं, की तुम्ही कुणाला फोन लावला की तुमच्या कानात ट्रिंग ट्रिंग वाजायच्या जागी त्यानं निवडलेलं गाणं वाजणार. महिनाभर फुकट. फुकट म्हटल्यावर अख्खा गाव धम्मपालच्या दुकानापुढं लोटला. कुणी अभंग लावला, कुणी पोवाडा. हंबीररावांचा गडी गणपती लाजत लाजत पुढं आला आणि त्यानं लावणी लावली.

दुसऱ्या दिवशी लाइट आली. हंबीररावांनी मोटार चालू करायला गणपतीला दोन रिंगा द्यायला फोन लावला, तर कानात ढोलकी कडाडली. आता रिंगा मोजायच्या कशा? आणि खरं सांगायचं तर चेअरमनना मोजायच्याही नव्हत्या. त्यांनी डोळे मिटले, गुडघ्यावर ताल धरला. गाणं संपलं की परत लावलं.

इकडं मळ्यात मालकाच्या नंबरावरनं गणपतीचा फोन वाजतोय, थांबतोय, परत वाजतोय. उचलायची मुभा असूनही कोण गेलं ते ऐकायचा त्याला धीर होईना. त्यानं खोरं टाकलं आणि "मालक गेलं वोऽ" म्हणून बांधावरनं पळत सुटला. गावात येईतो त्याच्यामागं वीसपंचवीस माणसं झाली. दोघांनी बांबू आणले, एकानं गाडगं. डेअरीवर दूध घालायचं थांबलं. सगळे हंबीररावांच्या घराच्या सोप्यात शिरले तर चेअरमन भिंतीला टेकून, डोळे मिटून, मान डोलावत बसलेले.

"पावणं, सरका, सरका!" गणपती ओरडला. "आजून धुगधुगी हाय!"

त्या महिन्यात मुरगुडात असे किती जण मेले आणि उठले याचा हिशेब कुणी ठेवला नाही. लाइट आल्यावर चिमणाबाईच्या रश्श्यात पाणी पडू लागलं आणि पावणे आल्यावर मळ्यात मोटारी सुरू होऊ लागल्या. शेवटी लोक टेकीला आले आणि फोन उचलू लागले. उचलून विचारायचे, "किती?"

"कशाचं किती?"

"आरं, रिंगा किती देत हुतास?"

"दोन."

"मग तोंडानं सांग की, लाइट आली म्हून!"

असं तोंडानं सांगता सांगता जिभा सैल झाल्या. लाइट आली, याच्यापाठोपाठ आज आमटी कशाची केलीस, हेही विचारून होऊ लागलं. मग थोरल्या सुनेचं कसं चाललंय. एकदा हे सुरू झाल्यावर मिनिटं कोण मोजतो? धम्मपालच्या कपाटातली धुळीची कार्डं संपली, नवी आली, तीही संपली. पुढं गाण्याचे पैसे सुरू झाले तेही लोकांनी मुकाट्यानं भरले. बोर्ड जागच्या जागी राहिला. निंबाळकर साहेबांना बढती मिळाली असं ऐकलं.

आणि एके दिवशी धम्मपाल कोल्हापूरला सोनारांच्या गुजरीत जाऊन बोरमाळ घेऊन आला. तीच, त्याच घाटाची. दुकानात बसून त्यानं ती मखमली डबीतून काढून बघितली, परत ठेवली, परत काढली. रविवारी कबनूरला जाऊन द्यावी असं त्यानं ठरवलं होतं, पण त्याला दम निघेना. एव्हाना त्यालाही बोलायची सवय लागलेली. भर दुपारी त्यानं आक्काताईला फोन लावला आणि वाजू दिला.

तिकडं बराच वेळानं फोन उचलला गेला. कानात मागांचा खडखडाट आदळला.

"आक्का!" धम्मपाल जिवाच्या आकांतानं ओरडला. "आक्का, बोरमाळ! बोरमाळ आणली!"

खडखडाट. मग फोन तुटला. परत लावला तर उचलेना. कामात असेल, संध्याकाळी तीन रिंगा देईलच, असं म्हणून त्यानं डबी कपाटात ठेवली.

उन्हं कलताना कागलकडनं आलेली एसटी स्टँडवर लागली आणि तिच्यातनं आक्काताई उतरली. केसांत सुताचं तूस, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. ती दुकानाकडं बघत नव्हती. भेटेल त्याला विचारत होती, "कधी नेणार हाईत? कुठं ठेवलंय त्येला?"

धम्मपाल स्टुलावरनं उठला. "आक्का?"

तिनं त्याच्याकडं बघितलं, आणि ती मटकन रस्त्यातच बसली.

तेव्हा कुठं धम्मपालच्या डोक्यात प्रकाश पडला. गाणं आणि फोन उचलून बोलणं मुरगुडात आलं होतं, कबनूरच्या त्या कारखान्यात नव्हे; तिथं जुनीच खूण चालत होती. तिच्या कमरेला फोन थरथरला, थांबला नाही, म्हणजे कुणीतरी गेलं. आणि तिचं जायला होतं कोण? एकटा धम्मपाल. त्याच्याच नंबरावरनं कुणीतरी परका बाप्या गळा काढून ओरडत होता, एवढंच तिनं ऐकलं होतं. कबनूरपासून इथवर ती भावाला माती द्यायला आली होती.

ती उठली, पायातली उरलेली चप्पल काढली आणि भर स्टँडावर त्याला बडवायला लागली. "वाजवून तोडायला काय धाड भरलीती तुला? आँ? तीन रिंगा देता येत न्हाईत?"

"तीन कशा देऊ, आक्का? तीन म्हंजी बरं हाय. ह्ये बरं न्हाय, ह्ये लई चांगलं हाय!" मार चुकवत त्यानं डबी उघडून तिच्यापुढं धरली.

आक्काताईचा हात वरच्या वर राहिला. तिनं बोरमाळेकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "मग ह्येला किती रिंगा?" ती म्हणाली.

दुधाच्या गाडीला रिंग होती, लाइटीला होती, रश्श्यात घालायच्या पाण्याला होती, मरणालासुद्धा होती. आनंदाची रिंग ठरवायचं एवढ्या मोठ्या गावात कुणाला सुचलं नव्हतं, आणि ज्यानं हे सगळं काढलं त्याला तर नाहीच नाही. त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं माळ तिच्या गळ्यात घातली. चिमणाबाईनं न विचारताच दोन ताटं वाढली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेहमीच्या वेळेला फोन वाजला. एक, दोन, तीन. धम्मपाल उलट रिंगा द्यायला थांबला. चौथी वाजली. पाचवी. वाजतच राहिली. त्यानं फोन उचलला.

"कोण गेलं, आक्का?"

पलीकडं खडखडाट नव्हता. ती कारखान्याबाहेर रस्त्यावर येऊन उभी होती, मागनं सायकलची घंटी ऐकू येत होती.

"कोण न्हाय गेलं," आक्काताई म्हणाली. "माळ घालून आलतो कामाला. समद्या बायका हात लावून लावून बघत्यात. म्हटलं तुला सांगावं."

"आक्का, पैसं चालल्यात तुझं."

"जाऊ द्यात की," ती म्हणाली. "तू जेवलास का, काय खाल्लंस, त्ये सांग."