बुक्क्या उठेना

आमचे हे एस.टी.त ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर बाकीची माणसं पारावर बसतात. यांनी एका मच्छीमाराची जुनी होडी घेतली आणि तिच्यावर ताडपत्रीचं शीड चढवलं. आमचं गाव करमाळ्याच्या अंगाला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर. लेक ऋतुजा दिलेली खाली, धरणाच्या भिंतीकडं. कडेकडेनं शिडावर तिच्या दारात जायचं, असं यांच्या मनानं घेतलं. मी नको म्हणत होते. मग यांनी हळूच सांगितलं की तिच्या गावात सप्ता चालू आहे आणि काल्याच्या कीर्तनाला आपण पोचतो. माझं बोचकं लगेच बांधून झालं.

आमचा कुत्रा बुक्क्या बरोबर होताच. रंगानं काळा कुळकुळीत, म्हणून बुक्क्या. आमच्या विठ्ठलमंदिराच्या सभामंडपातच तो लहानाचा मोठा झाला. मध्यंतरी त्याला मूतखडा झाला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, या वेळी वाचला, पण पुन्हा लघवी तुंबली तर जिवावर बेतेल.

सकाळी निघालो तेव्हा वारं पाठीशी होतं. डाव्या हाताला काठ सरकत होता; ऊस, केळी, पाण्यात सोडलेले मोटारींचे पाइप, उथळात उभे रोहित पक्षी. शीड फुगलं, होडी कलली आणि माझं मन भरून आलं. बोचक्यातले टाळ काढले आणि सुरू केलं. एक अभंग झाला की दुसरा. बुक्क्या माझ्यासमोर पुढचे पाय जुळवून बसला.

ऊन वर आलं तेव्हा तो कण्हायला लागला. मी पोटाला हात लावला तर पोट दगडासारखं. निघायच्या गडबडीत त्याला फिरवून आणायचं राहिलं होतं, आणि होडीत त्यानं एकदाही पाय वर केला नव्हता.

"तुमच्या एस.टी.ला निदान थांबा तरी होता," मी म्हटलं.

"थांबायला खाली जमीन लागती की," हे म्हणाले.

खरंच होतं ते. पाणी ओसरून काठाला नुसता काळा गाळ उरला होता. तरी यांनी होडी आत घेतली, ती काठापासून लांबच रुतली. बुक्क्याला खाली सोडला तर तो पोटापर्यंत आत गेला. दोघांनी ओढून वर काढला, वल्ह्यानं रेटून होडी सोडवली. तेवढ्यात वारंही पडलं. शीड ओल्या धोतरासारखं लोंबायला लागलं.

मग यांनी तांब्यानं पाण्याची धार धरली, लेकराला करतात तसा तोंडानं आवाज केला. बसायला घेतलेली गवताची पेंडी डोलकाठीजवळ ठेवली. बुक्क्या बघायचा आणि पुन्हा पाय जुळवून बसायचा. त्याचे पाय थरथरत होते. यांचं तोंड उतरलं. यांनी इतकी वर्षं गाडी चालवली, पण स्टेअरिंगमागं यांना असं हवालदिल मी कधी पाहिलं नव्हतं.

घाबरले की मला देवाशिवाय दुसरं काही सुचत नाही. टाळ घेऊन देवाला हाक मारायला लागले. तर बुक्क्या आणखीच ताठ बसला, कान उभे करून. आणि माझा हात थबकला.

कीर्तनात हा असाच बसतो. मधून उठत नाही. जयघोष झाला, आरती झाली, माणसं एकमेकांच्या पाया पडली, की मगच बाहेर जातो आणि पहिल्या खांबाशी पाय वर करतो. मी सकाळपासून गात होते आणि माझं कीर्तन काही संपलंच नव्हतं.

"अहो, उभे राहा. कीर्तन संपवायचंय."

यांनी आयुष्यात कधी पूर्ण कीर्तन ऐकलं नाही. पण मुकाट्यानं उठले. मी जयघोष केला, यांनी बसचा हॉर्न वाजावा तसा मागून ओढला. आरती म्हटली. मग मी यांच्या पाया पडले.

"आता तुम्ही."

"तुझ्या?"

"कीर्तनात नवरा-बायको नसतं कुणी. लवकर करा, तो बघतोय."

हे वाकले. होडी डुचमळली, यांनी माझे पाय धरले ते पडू नये म्हणून की भक्तीनं, ते मी विचारलं नाही.

बुक्क्या उठला. अंग झाडलं, आळस दिला, डोलकाठीपाशी गेला आणि पाय वर केला. किती तरी वेळ ते चाललं होतं. आम्ही दोघं हात जोडून बघत होतो. माझे डोळे वाहायला लागले. हे खाली बसून होडीतलं पाणी तांब्यानं उपसायला लागले, आणि कधी नव्हे ते एका शब्दानं कुरकुरले नाहीत.

दुपारनंतर वारं पुन्हा उठलं. बुक्क्या यांच्या पायावर डोकं ठेवून झोपला.

"आता लेकीच्या दारात जाईपर्यंत गप बसायचं बरं का," यांनी मला दम दिला.

मी तोंड मिटून बसले. थोड्या वेळानं हे स्वतःच सुकाणू धरून गुणगुणायला लागले, तेव्हा मी यांच्या गुडघ्यावर चापट मारली आणि कुत्र्याकडं बोट दाखवलं.