सलाइनचा हात

सासूने सुनेला ठेवलेलं नाव होतं जळू. मागून नव्हे, तोंडावर. सून रुग्णालयात रक्त काढायचं काम करायची, एवढं निमित्त म्हातारीला पुरेसं होतं. "आमची जळू आली बघा ड्यूटीवरून, गाल कसे वर आलेत!" असं शेजारणींना सांगायची आणि स्वतःच खो-खो हसायची. सून काय बोलणार? सासूचं तोंड म्हणजे फुटका नळ, बंद करायला जावं तर आपणच भिजतो.

रुग्णालयात मात्र सुनेला मान होता. हात हलका. कुणाची शीर सापडेना झाली की तिलाच बोलावणं यायचं. नव्या मुलींना शिकवताना ती पहिल्याच दिवशी एक वाक्य पाठ करून घ्यायची, "सलाइनचा हात आपला नाही." म्हणजे ज्या हाताला सलाइन चालू आहे त्यातून रक्त घ्यायचं नाही. दुसऱ्या हाताची शीर शोधा, नाहीच जमलं तर डॉक्टरांना विचारा. सलाइनच्या वर सुई घातलीत तर नळीत रक्त कमी आणि सलाइनच जास्त येईल, मग डॉक्टर पेशंटला सोडून सलाइनवरच उपचार करत बसतील. मुली हसायच्या. तीही हसायची.

मग उलट्या-जुलाबांनी पार गळून सासूच वॉर्डात दाखल झाली.

उजव्या हाताला साखरेचं सलाइन लागलं होतं. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा. अंगातलं पाणी गेलं की शिरा बसतात, आणि आदल्या दिवशी कुणीकुणी तिथे नशीब आजमावून गेलं होतं. आज सून स्वतः ट्रे घेऊन आली. पेशंट घरचा असो की परका, नाव त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं हा नियम, म्हणून तिने विचारलं, "आई, नाव सांगा तुमचं."

"नाव विचारतेस होय? एरवी तर नावं ठेवतेस!" म्हातारी पुटपुटली, पण आवाजात दम नव्हता.

सुनेने डाव्या हाताला रबरी पट्टा लावायला घेतला तशी म्हातारीने हात छातीशी ओढला आणि चक्क रडायला लागली. लग्न झाल्यापासून सुनेने तिला दुसऱ्यांना रडवताना पाहिलं होतं, रडताना कधीच नाही.

"पोरी, नको गं. फार दुखतो हा हात. या दुसऱ्यातून घे ना. पाया पडते तुझ्या."

पोरी! हा शब्द या तोंडातून आपल्यासाठी कधी निघेल असं सुनेला वाटलंच नव्हतं. ती लोण्यासारखी वितळली. एवढंसं रक्त तर घ्यायचंय, तिने मनाला समजावलं, सलाइन क्षणभर बंद करते, कुठे आभाळ कोसळणार आहे? तिने सलाइनचं चाक फिरवलं, थांबायला हवं तेवढी थांबली नाही, आणि कोपराजवळच्या टरारलेल्या शिरेत सुई घातली. नळी झरझर भरली. रंग जरा फिकट होता. तिने तो पाहिला आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं. नळीवर नाव घातलं, सुई सुयांच्या डब्यात टाकली, सलाइन पुन्हा सुरू केलं. म्हातारीने तिच्या गालावरून हात फिरवला.

त्या हाताची ऊब गालावर घेऊनच ती खालच्या खोलीत कामाला बसली. एका माणसाच्या दंडाला पट्टा बांधून सुई आत घातली होती, तेवढ्यात नवरा धापा टाकत दारात आला.

"अगं, आईची साखर साडेआठशे निघालीय! रक्तही निम्म्यावर आलंय म्हणे. आईला साखर होती का गं कधी?"

साखर चढली, रक्त उतरलं. लोक घरच्यांसाठी रक्ताचं पाणी करतात. तिने सासूच्या रक्ताचं खरोखरच पाणी करून लॅबला पाठवलं होतं.

"काही दिलं का त्यांना?"

"इन्सुलिन. शिरेतून. माझ्यासमोर दिलं."

तिला तसंच उठून धावत सुटायचं होतं. पण माणसाच्या हातात सुई ठेवून पळता येत नाही. तिने पट्टा सोडला, सुई काढली, कापूस दाबला, "घट्ट धरा" म्हणाली, सुई डब्यात टाकली. एवढं आवरायला तिला जन्म लागला. मग ती जिन्याने सुटली.

जिन्यात वाक्य तयार झालं होतं. 'नमुना खराब झाला असेल.' किती सोयीचं! झाला. कुणी केला नाही, आपला आपण झाला. नोकरी वाचली असती, नवऱ्याची नजर वाचली असती. पण त्या वाक्यावर डॉक्टर फेरतपासणी सांगणार, आणि निकाल येईपर्यंत म्हातारी थांबणार होती थोडीच!

म्हातारी घामाने निथळत होती. डोळे अर्धवट उघडे, ओठ पांढरे.

"आईंची साखर वाढलेली नाही," सून ओरडली. "मी सलाइनच्या हातातून रक्त घेतलं. मीच घेतलं. त्यांना ग्लुकोज द्या!"

डॉक्टरांनी लगेच बोटातून थेंब घेऊन साखर बघायला सांगितलं. त्या तपासणीच्या पट्ट्या वॉर्डात संपल्या होत्या, सिस्टर शेजारच्या वॉर्डातून पळत घेऊन आल्या. यंत्राने आकडा दाखवला, छत्तीस. सत्तरच्या खालीच धोका असतो. ग्लुकोजची मोठी सिरिंज शिरेत रिकामी झाली. नवरा भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याने बायकोकडे पाहिलं नाही. सून पलंगाची कड धरून मनात एकच घोकत होती, शिव्या द्या, आई, पण डोळे उघडा.

बऱ्याच वेळाने डोळे उघडले.

"पुन्हा रक्त लागेल," डॉक्टर म्हणाले. "सिस्टर, तुम्ही घ्या. बाकीचं नंतर बोलू."

सिस्टरनी डाव्या हाताची शीर चाचपली, पण ती सापडेना. डॉक्टरांनी नाइलाजाने सुनेकडे पाहिलं.

काय घडून गेलं याचा म्हातारीला पत्ता नव्हता. सुनेला ट्रेसह पाहून तिने आपणहून सलाइनचा हात पुढे केला. "यातून घे. मघाशी कळलंसुद्धा नाही मला."

सुनेने तो हात हळूच खाली ठेवला आणि काळानिळा हात धरला.

"पोरी, नको गं."

"आई, नाव सांगा."

"पोरी, पाया पडते तुझ्या!"

सुनेने पट्टा बांधला. डोळे भरून आले तर शीर दिसणार नाही, म्हणून ती रडलीसुद्धा नाही. बोटाने चाचपत तिने ती दोऱ्याएवढी शीर शोधली आणि सुई आत घातली. म्हातारी कळवळली. नळीत रक्त आलं, थेंबाथेंबाने, दाट, काळपट लाल.

कापूस दाबून धरलेला हात म्हातारीने हिसडा मारून सोडवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"जळू ती जळूच," ती म्हणाली.

"हो, आई," सून म्हणाली, आणि नळीवर नाव घालू लागली.