मुकादमाची चपाती

बेलापूरहून मनाच्या डॉक्टर संघमित्रा मॅडम तुरुंगात आमच्या बराकीत नऊ प्रश्नांचा कागद घेऊन आल्या. झोप लागते का, जेवण जातं का, मन उदास असतं का. जितके जास्त गुण, तितकी जास्त उदासी. मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटचा मुकादम, चाळीस हमालांच्या पाळ्या लावलेला माणूस. मी आधीच सगळ्यांना बजावलं होतं, हा कागद जजसमोर जाणार. उदास दिसलात तर जामीन विसरा. सगळ्यांनी माना डोलावल्या. तुरुंगातही लोक मुकादमाचं ऐकतात.

मला स्वतःला महिनाभर झोप नव्हती. बायको, सुनयना, भेटायला आली तरी उठावंसं वाटायचं नाही. पण सांगतो कोण? जामिनाची तारीख जवळ आली होती आणि मला घरी जायचं होतं.

बाराच्या बारा जणांना शून्य गुण पडले. मॅडम म्हणाल्या, इतकी सुखी माणसं माझ्या सोसायटीतही नाहीत. कागद कोर्टात जात नाही, तुरुंगाच्या दवाखान्यातच राहतो, हेही त्यांनी सांगितलं. मग आम्हाला गोल बसवून म्हणाल्या, स्वतःचं राहू द्या, शेजारच्या पथारीवर झोपणाऱ्याचं सांगा.

झालं, सगळ्यांना कंठ फुटला. भगवान झोपेत बैलांना हाका मारतो. नामा अंघोळीला टाळाटाळ करतो आणि वर गातोही. हसून हसून पोटं दुखली. शेवटी माझ्या शेजारच्या धर्मराजची पाळी आली. मी डोळे वटारले. त्याने खाली बघितलं.

"मुकादम रोज आपली चपाती मला देतो, मॅडम. पयल्यांदा बरं वाटलं. आता घशाखाली उतरत नाय. तो झोपत पन नाय. महिना झाला, आमी रातच्याला पाळीपाळीने जागतो, त्याच्यावर नजर ठेवायला."

माझ्या बराकीत, मला न विचारता, माझ्यासाठी पाळ्या लागल्या होत्या. आधी राग आला. मग मी सगळ्यांसमोर रडलो, आणि खरं सांगतो, इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्या. दर मंगळवारी मॅडमशी बोलतो. जामिनाला पुढची तारीख पडली, तरी सुनयनाला मी हसून भेटलो. परवा माझी चपाती मी पुरती खाल्ली, तेव्हा धर्मराज माझं रिकामं ताट सगळ्यांना दाखवत फिरला.

त्याच दिवशी मी पाळ्या बंद करायचा हुकूम सोडला. एकानेही ऐकला नाही.